एला आणि लुई : इतके विजोड आवाज एकत्र कसे नांदतात?

केतकी_सदाशिव

आई शहात्तर वर्षांची आहे. लग्नाआधी सांगलीला नाट्यसंगीत शिकली आणि अजूनही सकाळी अर्धा तास तंबोऱ्यावर बसते. मी गेली काही वर्षं जॅझ ऐकतेय, पण हेडफोन लावून, माझ्यापुरतं. रविवारी हेडफोनचं चार्जिंग संपलेलं होतं म्हणून स्पीकरवर 'एला अँड लुई' लावला. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा १९५६ चा अल्बम, एकूण अकरा गाणी.

आई समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पहिल्या गाण्यात आधी एला येते. आई म्हणाली, "काय स्वच्छ लागलाय गं आवाज!" मग लुई आला. आईचा हात थांबला. "याचा घसा बसलाय का?" मी हसले, काही बोलले नाही. गाणं संपलं तशी म्हणाली, "परत लाव. त्याचा आवाज फुटलेला आहे, पण तो चुकत नाहीये कुठेच."

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. एक आवाज धुतलेल्या काचेसारखा, दुसरा खरवडलेल्या पितळी पातेल्यासारखा. कागदावर ही जोडी जमायलाच नको. मग ती इतकी का जमते? शब्दांमुळे, चालींमुळे की साथीमुळे? जाणकारांनी लिहावं. आणि आईला पुढे काय ऐकवू, तेही सांगा.

ठेकेदार

साथीमुळे! निदान अर्धं श्रेय तरी साथीचं. मी तबला वाजवतो, त्यामुळे माझे कान आधी तिकडेच जातात.

साथीला कोण आहेत बघा. पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारवर हर्ब एलिस, डबल बासवर रे ब्राउन, ड्रम्सवर बडी रिच. पीटरसनचा हात म्हणजे वादळ. बडी रिच तर जोरकस, वेगवान ड्रमिंगसाठीच ओळखला जातो. आणि इथे? रिच बहुतेक वेळ काठ्या बाजूला ठेवून ब्रशवर आहे, नुसता सरळ ठेका धरून. पीटरसन दोन ओळींच्या मधल्या जागेत चार सूर टाकतो आणि बाजूला होतो. हाताशी एवढं असताना न वाजवणं किती कठीण असतं ते मैफलीत साथीला बसल्याशिवाय कळत नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, गायकाच्या समेवर आपली टाळी पडली पाहिजे, आपल्या समेवर त्याची नाही.

रे ब्राउन हा एलाचा पूर्वाश्रमीचा नवरा. १९५३ मध्ये घटस्फोट झाला, तरी दोघं एकत्र वाजवत-गात राहिले. या अल्बमवर तो तिच्या आवाजाखाली बास धरून उभा आहे. मला ते ऐकताना दरवेळी जाणवतं.

बिनीचा_शिलेदार

वाखुसा (वाचनखूण साठवली). आईंना नमस्कार सांगा. "आवाज फुटलेला आहे, पण चुकत नाहीये कुठेच" हे वहीत लिहून ठेवलं आहे.

गंधर्वपंथी

केतकीताई, तुमच्या आईंना हे लगेच भावलं याचं मला नवल वाटत नाही. त्या नाट्यसंगीत शिकल्या आहेत, आणि ही गाणी म्हणजे अमेरिकेचं नाट्यसंगीतच आहे.

ज्यांना तिकडे 'स्टँडर्ड्स' म्हणतात, त्यातली कितीतरी गाणी जन्मली ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीतिकांसाठी आणि संगीतप्रधान चित्रपटांसाठी. 'चीक टू चीक' अर्विंग बर्लिननं १९३५ मध्ये फ्रेड अस्टेअरच्या चित्रपटासाठी केलं. 'अ फॉगी डे' आणि 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' ही गर्श्विन बंधूंची, दोन्ही १९३७ च्या चित्रपटांतली. त्यातली कथानकं आज फारशी कोणाला आठवत नाहीत, पण गाणी सुटी होऊन मैफलीत आली आणि तिथेच राहिली.

आपल्याकडे हेच झालं. 'मानापमान' १९११ चं, 'स्वयंवर' १९१६ चं. आज ती नाटकं पूर्ण पाहिलेले किती जण सापडतील? 'नाथ हा माझा' मात्र प्रत्येक पिढी नव्यानं गाते. भास्करबुवांची चाल तीच, पण गाणारा त्यात स्वतःचं काय घालतो ते ऐकायला आपण जातो. आवाज गोड असायलाच हवा असंही नाही. वसंतराव देशपांड्यांच्या आवाजाला गोड कोण म्हणेल? तरी त्यांच्यासमोरून उठवत नाही.

आणखी एक साम्य. या गाण्यांना मूळ नाटकात मुखड्याआधी एक प्रस्तावनेचा तुकडा असायचा, कथेतून गाण्यात शिरण्यासाठी. त्याला तिकडे 'व्हर्स' म्हणतात. मैफलीत तो बहुतेक जण गाळतात. या अल्बममध्ये 'इझन्ट धिस अ लव्हली डे'ला एला तो तुकडा गाते, बाहेर विजा कडाडतायत वगैरे, आणि मग मुखडा उमलतो. वादळ आधी ऐकल्याशिवाय 'किती सुंदर दिवस' या ओळीतली गंमत कळतच नाही.

रात्रपाळी

विरोधी मत नोंदवतो. अल्बम छान आहे, सुरेल आहे, पण मला तो आत कुठे लागत नाही. सगळं कसं उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखं प्रसन्न. याच गाण्यांच्या परंपरेतला अल्बम ऐकायचा तर फ्रँक सिनात्राचा 'इन द वी स्मॉल अवर्स' ऐका, १९५५ चा. सोळा गाणी, सगळी रात्री उशिराची, एकट्या माणसाची. त्याची बायको, नटी एव्हा गार्डनर, त्याच्या आयुष्यातून गेल्यानंतरचा काळ. नेल्सन रिडलचं वाद्यवृंद संयोजन. सुटी गाणी गोळा न करता एकच भाव सोळा गाण्यांत पसरवायचा, हे त्यानं फार लवकर केलं.

मी वीस वर्षं रात्रपाळी केली आहे. पहाटे साडेतीनला रिकाम्या कॅन्टीनमध्ये तो अल्बम माझ्यासोबत होता. एला कितीही थोर असली तरी तिच्या आवाजात दुःख उतरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मध्यलय

रात्रपाळी, तुमचा अनुभव मान्य. शेवटच्या वाक्याशी मात्र अजिबात सहमत नाही.

एला पंधरा वर्षांची असताना आई गेली. नंतर सुधारगृह, तिथून पळून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर. नोव्हेंबर १९३४ मध्ये अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या रात्री ती नाचायला म्हणून गेली होती. आधीच्या नाचणाऱ्या मुलींचं काम इतकं जोरदार झालं की ऐनवेळी नाच सोडून ती गायली आणि पहिली आली. सतरा वर्षांची होती. या बाईला दुःख ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तिनं ते गाण्यात मांडून ठेवलं नाही, एवढंच. 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' पुन्हा ऐका. सगळं गाणं किरकोळ आठवणींचं आहे : टोपी घालायची ढब, चहा प्यायची पद्धत. माणूस दुरावलाय, हे आपल्याला त्या यादीवरून कळतं. ती ते हसऱ्या आवाजात गाते आणि माझ्या घशात आवंढा येतो.

त्या गाण्याचा इतिहासही हुरहुर लावणारा आहे. चित्रपट आला १९३७ मध्ये आणि त्याच वर्षी ११ जुलैला संगीतकार जॉर्ज गर्श्विन अडतीसाव्या वर्षी मेंदूतल्या गाठीमुळे गेला. या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं ते त्यानंतर. त्याला मिळालेलं ते एकमेव नामांकन, आणि तेही बघायला तो नव्हता.

रात्रपाळी

अपोलोचं माहीत नव्हतं. पुन्हा ऐकतो आणि येतो.

अल्दोन्याचो

देव बरें करूं! हा धागा बघून राहवलं नाही.

आमच्या गावचा, गोव्यात बार्देशातल्या अल्दोन्याचा, आंतोनियो शाव्हियेर वाझ. मुंबईत तो चिक चॉकलेट म्हणून गाजला आणि लोक त्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. ट्रम्पेटही तसा आणि गायचाही तसाच, घसा खरवडून. माझ्या आजोबांनी त्याला ऐकलं होतं. ते सांगत, डोळे मिटले तर मुंबईत आहोत हे विसरायला व्हायचं.

गोंयकार पोरांना चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत. त्यामुळे ही पोरं हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. दिवसा स्टुडिओ, रात्री डान्स फ्लोअर. सी. रामचंद्रांनी चिकला बरोबर घेतलं. 'अलबेला' (१९५१) मध्ये तर चिक पडद्यावरही दिसतो. तुम्ही मराठी माणसं अण्णांचं, म्हणजे सी. रामचंद्र ऊर्फ चितळकरांचं, कौतुक करता ते योग्यच आहे, पण त्या गाण्यांतल्या ट्रम्पेटचा दम आमच्या गावचा होता, हे एकदा मोठ्यानं सांगायचं होतं.

गंधर्वपंथी

अल्दोन्याचो, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. यावरून सुचलं : त्याच 'अलबेला'त लताबाईंसोबत चितळकर स्वतः गायले आहेत. एक आवाज रेशमी, दुसरा रांगडा. केतकीताईंच्या प्रश्नातली जोडी आपल्याकडे पाच वर्षं आधी नांदत होती की!

अल्दोन्याचो

शंभर टक्के. आणि आमच्या लोर्नाला विसरू नका. क्रिस पेरीच्या चाली आणि लोर्नाचा आवाज, कोंकणी गाणी पण अंग सगळं जॅझचं. केतकीताई, आईंना लोर्ना ऐकवाच. भाषा अर्धी तरी कळेल.

दुर्बीणवाला

अवांतर आहे, पण लिहितोच. या अल्बममधलं 'स्टार्स फेल ऑन अलाबामा' हे १९३४ चं गाणं. त्यातली 'तारे कोसळण्या'ची कल्पना आली आहे एका खऱ्या रात्रीवरून. १२-१३ नोव्हेंबर १८३३ ला सिंह राशीतून होणारा उल्कावर्षाव अमेरिकेवर असा काही बरसला की लोक जगबुडी आली म्हणून रस्त्यावर आले. अलाबामात ती रात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. शंभर वर्षांनी कोणीतरी तिचं प्रेमगीत केलं. हा उल्कावर्षाव साधारण तेहतीस वर्षांनी जोर धरतो. नोव्हेंबर २००१ मध्ये आम्ही पोरं रात्रभर गच्चीवर आडवी होतो, तेव्हा हे गाणं माहीत असतं तर!

ओलेती_पाने

अवांतर कसलं, हेच तर हवं असतं. माझीही भर : 'मूनलाइट इन व्हरमाँट'. शांतपणे ऐकलंत तर लक्षात येईल की त्यात यमक नाही. एकही नाही. आणि मधला अंतऱ्यासारखा भाग सोडला तर प्रत्येक कडवं पाच-सात-पाच अक्षरांचं, म्हणजे हायकू! १९४४ चं गाणं आहे. मी शिरीष पैंच्या हायकूंवर वाढले. नदीतली नाणी, बर्फावरच्या वाटा, अशी नुसती चित्रं एकामागून एक ठेवत जायचं आणि त्यावर काही बोलायचं नाही, ही गोष्ट ओळखीची वाटली. यमक नसताना गाणं बांधलेलं कसं राहतं, याचं उत्तर मला चालीत सापडलं. चाल प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकाच ठिकाणी येऊन टेकते. यमकाचं काम चाल करते.

ठेकेदार

वा! मग रचनेवरही थोडं लिहितो, कारण आईंना त्यात रस वाटेल. यातली बरीच गाणी बत्तीस मापांची (माप म्हणजे 'बार', ठरावीक मात्रांचा एक गट). आठ मापांचा एक भाग, तोच पुन्हा, मग वेगळा आठ मापांचा 'ब्रिज', मग पहिला परत. आपल्या हिशेबानं अस्थाई दोनदा, अंतरा, पुन्हा अस्थाई. पण 'चीक टू चीक' मोजून बघा. बहात्तर मापं! पहिला भाग सोळाचा, दोनदा. मग आठाचा एक भाग दोनदा. मग अचानक गडद रंगाचा तिसराच आठाचा भाग, आणि शेवटी सोळाची अस्थाई. एवढं लांब आवर्तन असूनही कुठे शिवण दिसत नाही. लुई सुरुवात करतो ती अशी, जणू आत्ताच सोफ्यावरून उठून आलाय.

हडसनकाठचा

न्यूजर्सीहून. इथून दीड तासावर, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या कोरोना नावाच्या वस्तीत लुईचं घर आहे. १९४३ पासून ६ जुलै १९७१ ला जाईपर्यंत तो तिथेच राहिला. आता संग्रहालय आहे. मुंबईहून माझे काका आले होते, त्यांना घेऊन गेलो. मनात होतं बंगला असेल. साध्या वस्तीतलं साधं विटांचं घर. आत निळं चकचकीत स्वयंपाकघर आणि त्याची अभ्यासिका, टेपरेकॉर्डरसकट. त्याला घरातल्या गप्पा, सराव, जेवणं टेपवर घ्यायचा नाद होता. टेपच्या खोक्यांवर तो कात्रणं चिकटवून चित्रं करायचा. त्या घरात त्याच्या बोलण्याच्या टेप ऐकवतात. काका म्हणाले, "हा बोलतो आणि गातो यात फरकच नाही रे." केतकी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. लुई गाणं सांगतो. एला गाणं गाते. एकच गोष्ट दोन प्रकारे कळते, म्हणून आवाज एकमेकांच्या आड येत नाहीत.

मध्यलय

हडसनकाठचा, पटलं. आता पट्टीबद्दल लिहितो, कारण तो मुद्दा कोणी काढला नाही.

बाई आणि पुरुष एकत्र गाणार म्हणजे पट्टीचा प्रश्न आलाच. निर्माता नॉर्मन ग्रान्झनं सांगून ठेवलंय की एलाला लुईबद्दल इतका आदर होता की गाणी त्यानंच निवडावीत असा तिनं आग्रह धरला आणि त्याच्या पट्टीत गायली, तिला ती सोयीची नसली तरी. म्हणजे ज्या अल्बममध्ये तिचा आवाज इतका सहज वाटतो, तिथे ती दुसऱ्याच्या घरात राहून गातेय.

ध्वनिमुद्रणही घाईचं. १५ ऑगस्ट १९५६ ला हॉलिवुड बोल या खुल्या प्रेक्षागृहात ग्रान्झची मोठी मैफल झाली, त्यात दोघंही होते. दुसऱ्याच दिवशी कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत हा अल्बम. कॅपिटॉलची ती गोल इमारत तेव्हा जेमतेम चार महिने वापरात होती. मुखपृष्ठावरचा फोटो बघा, दोघं साध्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेत, लुईचे मोजे घोट्याशी गुंडाळलेले. मला तो फोटो फार आवडतो. मैफल संपवून दोन शेजारी गच्चीवर बसावेत तसा.

आणि ग्रान्झबद्दल एक सांगितलंच पाहिजे. गोरे-काळे वेगळे बसवणार असाल तर कार्यक्रम नाही, हे तो करारातच लिहून घ्यायचा. ऑक्टोबर १९५५ मध्ये ह्यूस्टनला त्यानं प्रेक्षागृहात सगळ्यांना एकत्र बसवलं. पोलीस कार्यक्रमादरम्यान एलाच्या खोलीत शिरले आणि आत फासे टाकून चाललेल्या खेळाचं निमित्त करून एला, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी वगैरेंना, ग्रान्झसकट, अटक केली. एला त्या वेळी कॉफीबरोबर 'पाय' या गोड पदार्थाचा तुकडा खात होती म्हणतात. वर्षभराच्या आत तीच एला पावसाळी दिवस किती सुंदर आहे हे गातेय. मी हे गाणं त्या रात्रीशिवाय ऐकू शकत नाही.

कोथरूडकर_अप्पा

चर्चा सुंदर. माझी तक्रार मात्र आजच्या लोकांबद्दल. कोणीही उठतो आणि स्टँडर्ड्सचा अल्बम काढतो. रॉक गाणाऱ्यांचा आवाज उतरला की सूट घालायचा, मागे व्हायोलिनं लावायची आणि हीच पंधरा गाणी. या गाण्यांचं आता लग्नाच्या हॉलमधलं पार्श्वसंगीत झालंय.

ओलेती_पाने

अप्पा, सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. लिंडा रॉनस्टॅट रॉक आणि कंट्री गाणारी. १९८३ मध्ये तिनं 'व्हॉट्स न्यू' काढला, तोही साक्षात नेल्सन रिडलला सोबत घेऊन, त्याच सिनात्राच्या रिडलला. माझ्यासारख्या कितीतरी जणी त्या दारातून आत आल्या. मी तिथून एलापर्यंत पोचले.

गंधर्वपंथी

अप्पा, परंपरेतलं गाणं घेणं आणि त्याचा पोशाख घेणं यात फरक आहे. कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं तेव्हा नावातच सांगितलं, हे मला उमजलेले. नक्कल नव्हे. एलानं १९५६ मध्येच कोल पोर्टरच्या गाण्यांपासून सुरुवात करून एकेका गीतकार-संगीतकारावर अल्बम केले. १९६४ पर्यंत आठ झाले. गर्श्विनचा तर पाच रेकॉर्डचा संच! तिथे तिनं आधी गाणं सरळ, रचनाकारानं लिहिलं तसं समोर ठेवलं. ते आधी समोर ठेवावंच लागतं.

कोथरूडकर_अप्पा

हे मान्य. पोशाख हा शब्द योग्य आहे.

सईबाई_वाचतात

या अल्बमचं पहिलंच गाणं, 'कान्ट वी बी फ्रेंड्स', त्याची चाल एका बाईची आहे, हे इथे कोणीच लिहिलं नाही. के स्विफ्ट. १९२९ चं गाणं. शब्द तिच्या नवऱ्याचे, तो बँकर होता आणि टोपणनावानं लिहायचा. पुढच्याच वर्षी तिनं 'फाइन अँड डँडी' या ब्रॉडवे संगीतिकेचं सगळं संगीत एकटीनं केलं. गाजलेल्या संगीतिकेला पूर्णपणे बाईचं संगीत असण्याची ब्रॉडवेवरची ती पहिली वेळ. केतकी, तुझी आई ज्या गाण्यावर "परत लाव" म्हणाली ते गाणं हेच ना? तिला हे सांग.

केतकी_सदाशिव

सईबाई, हेच गाणं! सांगितलं. आई म्हणाली, "तरीच."

उशीर झाला, पण धागा आईला पूर्ण वाचून दाखवला. दोन बैठकी लागल्या. लोर्नाही ऐकवली. आई दोन गाणी ऐकून म्हणाली, ही मुलगी स्टेजवर बघायला हवी होती.

पट्टीच्या मुद्द्यावर ती बराच वेळ बोलली. सांगलीच्या तिच्या गुरुजींच्या क्लासमध्ये मुलं-मुली एकत्र आणि सगळे गुरुजींच्या पट्टीत. मुलींना खाली जाताना आवाज पुरायचा नाही. "तिथे आम्ही ओरडायचो नाही, आवाज आत घ्यायचो. गुरुजी ती जागा भरायचे. मग वर गेलं की गुरुजी थांबायचे आणि आम्हाला सोडायचे." मग तिनं मला 'द निअरनेस ऑफ यू' लावायला सांगितलं आणि बोट वर करून एकेक जागा दाखवली. "बघ, इथे आत घेतला तिनं. इथे तो तिची वाट बघतोय. हे दोघं गाताना एकमेकांचं ऐकतायत गं. आवाज जुळायची गरजच काय?"

मी हा अल्बम शेकडो वेळा ऐकला असेन, त्या जागा मला दिसल्या नव्हत्या.

रात्रपाळी

परत आलो. 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' काल रात्री तीनदा ऐकलं. चहा पिण्याच्या पद्धतीपाशी थांबावं लागलं. सिनात्रा माझा पहिलाच राहील, पण "दुःख उतरत नाही" हे वाक्य मागे घेतो.

ठेकेदार

केतकी, आईंना पुढे 'एला अँड लुई अगेन' ऐकवा, १९५७ चा. ड्रम्सवर तिथे लुई बेल्सन आहे. आणि त्याच वर्षी ध्वनिमुद्रित केलेला दोघांचा 'पोर्गी अँड बेस', मागे मोठा वाद्यवृंद. तोही मुळात रंगमंचावरचाच.

केतकी_सदाशिव

रंगमंचावरचा म्हटल्यावर आईनं निर्णय दिला : आधी 'पोर्गी अँड बेस', आणि त्याआधी मी तिला कथानक सांगायचं. रविवारी बसतोय. शेंगा आणून ठेवल्यात.